तोंड दाखवल्याशिवाय

टॉर्च विझवा आधी. आणि मधे मधे "काका, पुढे काय?" करून डोकं खायचं नाही. ही थाप नाही. माझ्याबरोबर पावाच्या गाडीवर एकजण होता, त्याची गोष्ट आहे. घोरायचा म्हणून आम्ही त्याला घोऱ्या म्हणायचो. उशाशी ढोल बडवला तरी कूस न बदलणारा गडी.

डिसेंबरातला दुसरा शनिवार होता. संध्याकाळी घोऱ्या गजराचं घड्याळ आणायला बाजारात गेला. मोबाइलचा गजर त्याच्या कानापर्यंत पोचतच नव्हता, आणि काळजी होती ती आईची. म्हातारी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, की रात्री मधेच उठून तिला बसती करा, नाहीतर छातीत कफ दाटून जीव जाईल. घरात दुसरं माणूस नाही. सगळी भिस्त या कुंभकर्णावर.

घड्याळवाल्याने दणदणीत घंटेचं घड्याळ दिलं, वर एक किस्सा सांगितला. गिरणी चालू होती तेव्हा घोऱ्याच्या गल्लीत कुणाकडे घड्याळ नव्हतं म्हणे. पहाटे गिरणीतल्या कामगारांना उठवायला एक बाई लांबलचक बांबू घेऊन फिरायची. टोकाला तार बांधलेली. तिसऱ्या मजल्यापर्यंत तार पोचवायची आणि काचेवर टकटक करायची. आतल्या माणसाने खिडकीत तोंड दाखवल्याशिवाय पुढे सरकायची नाही. जागं झाल्याची खात्री नको का पटायला?

घरी येऊन आईला भरवताना घोऱ्याने हे सांगितलं. त्याला वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"खरं आहे ते," ती म्हणाली. "पोरवयात मी याच खिडकीत यायचे. एकदा तोंड दाखवलं की निघायचं. मागे फिरायचं नाही."

घोऱ्याने गजर लावला, घड्याळ उशाशी ठेवलं आणि आडवा झाला.

मग त्याला जाग आली. कुणी न हलवता, आयुष्यात पहिल्यांदा. घड्याळ अजून वाजलं नव्हतं. आवाज काचेवरून येत होता.

टक... टक... टक.

फांदी म्हणावी, तर गल्लीत झाड नाही. त्याने खिडकी उघडून तिसऱ्या मजल्यावरून खाली पाहिलं. दिव्याखाली रस्ता रिकामा. ना बाई, ना बांबू. खिडकी लावली.

टक... टक.

घड्याळवाल्याचं बोलणं आठवलं. स्वतःलाच हसत त्याने काचेला तोंड लावलं आणि "उठलो बाई, उठलो," म्हणाला.

टकटक थांबली नाही. त्याच्या कपाळासमोर काच थरथरत होती.

तो वळला. आईचे डोळे उघडे होते.

"तुला नाही बोलावत ती," आई म्हणाली.

त्याने पडदा ओढला. खिडकी आणि खाट यांच्या मधे खुर्ची ठेवून बसला. आईचा हात घट्ट धरला.

"तू उठायचं नाहीस. ऐकलंस?"

आई पडद्याकडे बघत होती.

टक... टक...

आज डोळा लावायचा नाही. काही झालं तरी नाही...

टक...

आणि झोप लागली. हो, लागली गधड्याला! काय बोलायचं?

जाग आली ती उजाडल्यावर. घड्याळ वाजून वाजून थांबलेलं. त्याची मूठ रिकामी. आई खाटेवर, चादर गळ्यापर्यंत ओढलेली, अंग थंडगार.

मला सांगताना लहान पोरासारखा रडला तो. "एक रात्र जागायचं होतं रे," म्हणाला. "एकच."

...

पडदा बाजूला सरकलेला होता. काचेवर वाफ धरली होती, श्वासाची धरते तशी. आईच्या उंचीला, तोंडाएवढी.

त्याने बाहीने पुसली. गेली नाही. पुन्हा पुसली.

शेवटी खिडकी उघडून त्याने बाहेरच्या बाजूने हात फिरवला... तेव्हा पुसली गेली.