कवळीच्या डबीतलं घड्याळ

"दार!" ती मान वर न करताच ओरडली.

आत आलेला माणूस दचकून पुन्हा बाहेर गेला आणि त्यानं दार बाहेरून लावून घेतलं.

"अहो, आत येऊन लावा!"

ही त्यांची पहिली भेट. ओल्या रंगावर धूळ बसली की सगळी मेहनत पाण्यात, म्हणून त्या दाराशी तिचं जन्माचं वैर होतं. घड्याळाचं दुकान तिच्या मामांचं. यंत्राचं काम मामा बघायचे. रंग उडालेल्या, डागाळलेल्या तबकड्या पुन्हा रंगवायचं काम तिचं. तेव्हा असली कामं हातानंच होत, आणि तिच्याइतका बारीक कुंचला चालवणारं दुसरं कुणी आसपास नव्हतं.

त्या माणसानं खिशातून एक गुलाबी डबी काढून अलगद काउंटरवर ठेवली.

"ही कवळीची डबी आहे," ती म्हणाली.

"हो. मी दातांचा डॉक्टर आहे."

"आत कवळी आहे?"

"छे, छे! घड्याळ आहे."

तिनं डोळ्याला भिंग लावलं. तबकडीला पार टक्कल पडलं होतं. बाराचा अर्धा आणि पाचाचं पोट तेवढं शिल्लक होतं. बाकीचे आकडे डबीच्या तळाशी कोंड्यासारखे सांडले होते.

"कशात घातलं होतंत हे?"

"पाण्यात... म्हणजे साध्या नाही. आमच्याकडे अवजारं धुवायचं मशीन असतं. त्यात पाणी थरथरतं, सगळी घाण आपोआप सुटते. म्हटलं, बाबांचं घड्याळ एकदा लखलखीत करून द्यावं—"

"आणि सगळंच सुटलं."

"सगळंच," तो खाली मान घालून म्हणाला.

मामांनी खोकल्याचं निमित्त करून हसून घेतलं.

घड्याळ त्याच्या आईनं लग्नात बाबांना दिलेलं. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून बाबा सकाळी उठल्या उठल्या आधी घड्याळाला चावी द्यायचे, मग तोंड धुवायचे. आता घड्याळ नाही, तरी सकाळी अंगठा आणि बोट हवेत फिरतच असतात, तो सांगत होता. "मी त्यांना म्हटलंय, तेल द्यायला दिलंय. खरं कळलं तर... ते रागावणार नाहीत हो. गप्प बसतील. तेच नको आहे मला."

हे ऐकून तिला जरा कणव आली. पण ती जेमतेम मिनिटभर टिकली.

"नवी तबकडी आणून बसवली तर लवकर होईल," ती म्हणाली.

"नको, हीच पाहिजे. जशी होती तशी. नवी दिसता कामा नये. पण अगदी जुनाटही नको."

"दोन्हीतलं एक काय ते ठरवा."

"मधलं," तो म्हणाला.

मधलं! तिनं मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

उठसूट फोन करायचे दिवस नव्हते ते. चौकशी करायची तर पायांनी यावं लागे, आणि हा रोज यायचा. दवाखाना मिटला की हजर. "दार!" असं ती ओरडायची. तो दार लावायचा, पण इतक्या जोरात की टेबल हादरायचं आणि तिची रेघ वाकडी जायची.

एके दिवशी तो दातांची पट्टी घेऊन आला. एका ओळीत बसवलेले पांढरे, पिवळट, करडे खोटे दात. "याच्यावरून आम्ही कवळीचा रंग जुळवतो. तबकडीचा रंग या तिसऱ्या दातासारखा होता."

"काल तर म्हणालात, सायीसारखा."

"चौथ्या दिवशीच्या सायीसारखा. म्हणजे हा तिसरा."

"दातवाले," मामा आतून म्हणाले, "आमच्या मुलीचं डोकं फिरलं तर त्यालाही काही पट्टी आहे का हो?"

तिला हसू आलं. ते लपवायला तिनं चहाचा घोट घेतला, आणि उजव्या दाढेतून कळ गेली.

"तुम्ही नेहमी डावीकडूनच चहा पिता," तो हळूच म्हणाला. "दुखतेय ना दाढ?"

"माझ्या दाढेशी तुम्हाला काय करायचंय?"

"तेवढंच तर येतं मला..."

त्यानं हे असं काही म्हटलं की तिची नजर उगाचच कुंचल्याच्या टोकावर जाऊन थबकली. मेलं, कुंचल्यावर रंगसुद्धा नव्हता.

रंग जमला. मग आकडे. तिनं जीव ओतून एक ते बारा काळ्याभोर वळणांत उतरवले. त्यानं भिंगातून पाहिलं, मान तिरकी केली, सरळ केली.

"छान आहेत... पण आकडे नव्हतेच. सोनेरी रेघा होत्या."

"अहो, बाराचा अर्धा तुम्हीच आणलात डबीतून!"

"ते खरं. पण मी लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून बोटानं रेघा मोजायचो. उन्हात चमकायच्या."

गिऱ्हाइकाच्या घड्याळात आत काय दिसलं ते त्यानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा मामांचा नियम होता. पण आता तिचा ताबा सुटला.

"चमकल्या असतील! कारण ही तबकडी या घड्याळाची नाहीच! यंत्रात अडकणारे मागचे दोन बारीक पाय कापून कुणीतरी चिकटवून बसवलीय. मी पहिल्याच दिवशी पाहिलंय. मुळातली केव्हाच गेली!"

दुकानातली सगळी घड्याळं एकाएकी मोठ्यानं टिकटिकायला लागल्यासारखी वाटली.

"म्हणजे... आईनं दिलेली ती ही नव्हेच?"

तिनं डोळ्यावरचं भिंग काढलं. तो गेला. दार इतकं हळू लावलं त्यानं, की रेघ मुळीच वाकडी गेली नाही.

त्यानंतर तो येईना. तिला याचाही संताप. आला की डोकं खायचा, न येऊन तर जास्तच खात होता. संध्याकाळी दार वाजलं की मान आपोआप वर जायची आणि कुणीतरी बाई अलार्मचं घड्याळ घेऊन उभी असायची.

"दाढ फार ठणकत असेल, तर दवाखाना कोपऱ्यावरच आहे," मामा कुणाकडेही न बघता म्हणाले.

काळ्या आकड्यांची तबकडी बसवून, घड्याळ त्याच गुलाबी डबीत ठेवून ती निघाली. दाढ दाखवायलाच, दुसरं काही नाही.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ पेशंटांचे नंबर लावून देत होते. बसल्या बसल्या त्यांचा अंगठा आणि बोट हवेत फिरत होतं. डबी घट्ट धरून ती आत गेली.

तिला बघून त्याच्या हातातला आरसा खाली पडला.

"तुम्ही..."

"दाढ," ती तुटकपणे म्हणाली आणि तिनं आ वासला.

त्यानं इंजेक्शन दिलं. हात मात्र काडीइतकाही हलला नाही. "दीड-दोन तास तोंड बधिर राहील. बोलू नका." आणि मग, ती बोलू शकत नाही याची खात्री झाल्यावर, हा पठ्ठ्या बोलायला लागला!

"त्या दिवशी मी रागावलो नव्हतो. आईनं दिलेलं ते हेच, असं आता बाबांना कोणत्या तोंडानं सांगू, कळेना. आणि... तुमचा रंग मला पहिल्याच दिवशी पसंत पडला होता. पण तसं म्हटलं असतं तर रोज यायला कारण काय उरलं असतं?"

ती ताडकन उठून बसली. म्हणजे तिसरा दात, चौथी साय, सगळी नाटकं? तिला पुष्कळ काही सुनवायचं होतं. पण ओठ जागचे हलेनात. तिनं रागारागानं डबी उघडून त्याच्या छातीशी धरली.

तेवढ्यात बाबा दारातून डोकावले. "पुढचा पेशंट... अरे, माझं घड्याळ!"

त्यांनी ते घेतलं, कानाला लावलं, मग उजेडात धरलं. बराच वेळ. डॉक्टरचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे तिसरं डायल," बाबा शांतपणे म्हणाले.

"बाबा?"

"पहिलं सोनेरी रेघांचं. तू लहान असताना तुझ्या आईनं सदऱ्याच्या खिशासकट धुण्यात भिजवलं. गुपचूप दुसरं बसवून आणलं, रेघांच्या जागी चांगले ठसठशीत आकडे! आणि मला म्हणते, तेल देऊन आणलंय. मी म्हटलं, वा, छान चालतंय. जन्मभर तिला वाटलं, मला कळलंच नाही." त्यांनी चावी फिरवली. अंगठ्याला चावी सापडली तसा त्यांचा आवाज ओलावला. "आणि आता हा. तेल म्हणे! या घरात कुणाला दुसरं काही सुचतच नाही का रे?"

डॉक्टर हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. त्यातच तो तिच्याकडे वळला.

"आता तर कारणही उरलं नाही. मग... बिनकारणाचं रोज आलो तर चालेल का? आयुष्यभर?"

तोंड बधिर असताना विचारतं का कुणी असलं काही! तिनं बाबांच्या हातातल्या घड्याळावर बोट ठेवलं. स्वतः काढलेल्या पाचावर.

"पाच? पाच काय?"

"पाच वाजता ये म्हणतेय, खुळ्या!" बाबा वैतागून म्हणाले. "तोवर तोंड उघडेल तिचं."

पाच वाजता दुकानाचं दार उघडलं. वारा आत आला. टेबलावर ओली तबकडी होती, तरी ती काही बोलली नाही. ती नुसती बघत राहिली.

"दार!" शेवटी मामाच ओरडले.