बोरतळवाडीचा टँकर

"ओ ड्रायव्हर, गाडी लिंबाखालून काढा! तिथं बायका बसल्यात."

शिवकांता खिडकीतून ओरडली, तसा टँकरमधून उतरलेला तरुण गोंधळून उभा राहिला. केसांवर धूळ, डोळे मात्र हसरे.

"मी ड्रायव्हर न्हाई... सुगत. नांदेडहून आलोय. तुमच्या प्रोग्रॅमसाठी. एसटी चुकली, म्हणून—"

तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. त्या उन्हाळ्यात लातूरचे नळ कोरडे पडले होते आणि ती एका संस्थेच्या टँकर कक्षात काम करायची. कोणत्या गावाला कुठलं पाणी, हे सुगतनं लिहिलेला संगणकाचा प्रोग्रॅम ठरवायचा. त्यातून निघालेल्या पावतीशिवाय विहिरीवर टँकर भरत नसे. सकाळी बोरतळवाडी हे नवं गाव त्यात घातलं आणि सगळंच ठप्प झालं. पडद्यावर एवढंच: 'काहीतरी चुकले आहे.'

"काय चुकलंय ते सांगायला तुमच्या मशीनचं तोंड दुखतं का?"

तेवढ्यात फोन वाजला. बोरतळवाडीच्या बसम्मा होत्या. "पोरी, घागरी घेऊन उन्हात बसलाव गं... येतो ना टँकर?"

"येतो, मावशी." शिवकांता म्हणाली.

सुगतनं ते ऐकलं. तो लगेच संगणकापुढं बसला. नव्या गावाचं 'भरण्याचं ठिकाण' रिकामंच राहिलं होतं. त्यानं ते भरलं, पावत्या निघाल्या, टँकर धुरळा उडवत गेले.

"एवढंच? पडद्यावर सांगितलं असतं तर मीच भरलं असतं की!"

"हाव. लिहिताना वाटलं, पडद्यापुढं माझ्यासारखंच कुणीतरी असंल."

"आणि होते मी!"

"बरं झालं..." तो बोलून गेला आणि घाईनं मान खाली घातली.

मग तो लातूरलाच राहिला. दोघं मिळून एकेक सूचना नव्यानं लिहू लागले. त्यानं लिहिलं, 'आवश्यक मूल्य अनुपलब्ध.'

"हे कुणाशी बोलताय? साहेबाशी?" ती हसली. "असं लिहा— बोरतळवाडीचा टँकर कुठं भरायचा ते लिहिलेलं नाही. 'गावांची माहिती' उघडून ठिकाण भरा."

त्यानं खाली एक ओळ जोडली: 'बाकीच्या गावांचे टँकर चालू आहेत.'

"हे खरं हाय?"

"आता खरं करावं लागंल," तो म्हणाला, आणि आठवडाभर खपून त्यानं ते केलं. शिवकांता त्याच्याकडं बघत राहायची— त्यानं वर बघितलं की उगाच पदर सारखा करायची.

काम संपलं. निघताना तो दारातच घुटमळला.

"शिवकांता, मला तुझ्याशिवाय आता... करमणार न्हाई. पण आम्ही लोहा गावचे, बौद्ध. तुम्ही लिंगायत. तुमच्या घरी—"

"अप्पा आधी बोलणारच न्हाईत. मग लई बोलतील."

"आणि तू?"

"मी?" तिचे गाल तापले. "मी कालच अव्वाला सांगून टाकलं. आईच ती, अप्पांना समजावंल. रविवारी उदगीरला, आमच्या घरी या."

रविवारी सुगत उदगीरला एसटीतून उतरला. शेडखाली शिवकांता होती आणि शेजारी कपाळभर विभूती लावलेले तिचे वडील, अप्पा. चेहऱ्यावर हसू नाही. त्यांनी त्याला नीट न्याहाळलं. बराच वेळ.

मग त्यांनी छत्री उघडली आणि अर्धी त्याच्या डोक्यावर धरली.

"चला. ऊन लई हाय."

मागून चालणारी शिवकांता एकाच वेळी हसत होती आणि डोळे पुसत होती.