पाहुणीची ओटी

लाइट येईपर्यंत बसा. चिमणी लावलीय. कुणाला सांगणार नसाल तर सांगते.

त्या शुक्रवारी मी फक्त टीव्हीची काच पुसायला उठले होते. वाटूर फाट्यावरचं घर, त्यामुळे दिवसभर ट्रकची धूळ. दुपारची मालिका लागायच्या आत काच पुसावीच लागे. आमचे हे तीर्थपुरीकडच्या शाळेवर मास्तर. शनिवारी येणार, सोमवारी पहाटे जाणार. बाकीचे दिवस मी, सात महिन्यांची मुक्ता आणि लग्नात मिळालेला तो ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही.

मुक्ता माझ्याकडे बघून हसायची नाही. दूधवाल्याकडे बघून हसे, भिंतीवरच्या पालीकडे बघून हसे. मी उचललं की गप्प, जणू मी शाळा तपासायला आलेली साहेबीण. डी.एड.ला बालमानसशास्त्रात मला चांगले मार्क होते. त्यांचा काही उपयोग झाला नाही.

त्या आठवड्यात मालिकेतल्या मोठ्या घरी मुंबईची पाहुणी आली होती. झुळझुळीत साडी, केसांत खोचलेला गॉगल, हळू बोलणं. लग्नाला बारा वर्षं झालेली, मूल नव्हतं. ती पडद्यावर आली की मुक्ता खदखदून हसे, दोन्ही हात पुढे करी. खोटं कशाला बोलू, मला त्या बाईचा हेवा वाटायचा.

शुक्रवारच्या भागात त्या घरच्या सुनेनं पाहुणीच्या मांडीवरून आपलं बाळ हिसकून घेतलं. पाहुणी बॅग उचलून निघाली.

आमच्या घरमालकीण गोजरबाई शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. "बघ गं, सवाष्ण बाई तशीच चालली उंबऱ्यातून. कुंकवाचं बोट बी न्हाई लावलं कुणी!"

"मालिका आहे हो, मावशी."

"मंग काय झालं? चार दिवस आपल्या बी घरात आल्तीच की. लाव तू. लेकरू न्हाई म्हणून बाईला असं टाळू नये."

मला हसू आलं. दिवसचे दिवस कुणाशी बोललं नाही की माणूस काहीही करतं. करंडा आणला आणि काचेवर, तिच्या कपाळावर, कुंकवाचं बोट टेकवलं. मूठभर तांदूळ टीव्हीपुढच्या रुमालावर ठेवले.

"आता काय म्हणू?"

"म्हण, पुढच्या बारीला भरल्या ओटीनं या."

मी म्हणाले. काच कोमट असते, हे मला माहीत होतं. पण बोट काढता काढता... पाहुणीनं मान किंचित पुढे झुकवली. कुंकू लावून घेताना आपण झुकवतो तशी. आणि लाइट गेली.

"चार दाणे माघारी द्यायला पाह्यजे होते तिनं," गोजरबाई टरफलं गोळा करत म्हणाल्या. "ओटीतले चार दाणे घरच्या बाईला देऊनच जायचं असतं. न्हाई दिले. मंग येतेच बघ आता ती, माघारी."

त्या हसल्या. मीही हसले.

सकाळी रुमालावर एकही दाणा नव्हता. चिमण्या असतील. काच पुसली तर फडक्याला लाल लागलं नाही. शनिवारी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बराबर आहे. आता दिवाळीला टीव्हीला उटणं बी लाव."

पुढचा आठवडाभर मालिकेत पाहुणी दिसली नाही. पण धुणं वाळत घालून आत आले की मुक्ताची झोळी हलत असे. वारा नसताना. झोळीच्या लुगड्याला अत्तराचा वास. घरात तर साधं खोबरेल. आणि मुक्ता कुणाकडेच बघून हसेनाशी झाली. पालीकडे बघूनसुद्धा.

त्यानंतरच्या मंगळवारी तिला मांडीवर घेऊन मालिका लावली. सकाळी तिला तीट लावताना माझा हात सरकला होता; गालापासून कानापर्यंत काजळाची शेपटी गेली होती. पुसायचं राहून गेलं.

त्या मोठ्या घराची बेल वाजली. दारात पाहुणी. कपाळावर बोटाएवढा वाकडा ठसा. कडेवर बाळ.

"अगंबाई, कुणाचं गं हे?" त्या घरची सासू म्हणाली.

पाहुणीनं बाळ आमच्या बाजूला वळवलं. गालावर तीट... कानापर्यंत गेलेली शेपटी.

बाळ रडायला लागलं. दोन्ही हात पुढे करून, थेट माझ्याकडे बघत.

माझ्या मांडीवर वजन होतं. खाली बघायला मला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. गाल स्वच्छ होता. ती माझ्याकडेच बघत होती... आणि हसली. सात महिन्यांत पहिल्यांदा. मग तिनं आपली मूठ माझ्या हातात उघडली.

तांदळाचे चार दाणे. कुंकू लागलेले.

ते मी करंड्यात ठेवलेत. आता ही सारखी हसते माझ्याकडे बघून. झोपेतसुद्धा. गोजरबाई म्हणतात, लेकीला आईचा लळा लागला.

लाइट आली वाटतं. अहो, टीव्हीचं बटण तेवढं दाबू नका. आठच दिवस झालेत. अजून मुक्ता त्या घरात रुळलेली नाही.