चिकाचा पहिला घोट

"जार पडल्याबिगर वासराले कासेले लावू नोको, पोरी!"

दिव्यानी पाच वर्षांची असताना आजी तिच्यावर अशी ओरडली होती. आता आजी नव्हती. पण देवाजीमामाच्या गोठ्यात तिचाच शब्द चालत होता: व्यायलेल्या गाईची वार, म्हणजे जार, पडेपर्यंत वासराला दूध नाही.

दिवाळीच्या सुटीत आलेली दिव्यानी आणि शेजारचा राजदीप वासरापाशी बसले होते. वासरू तीन दिवसांचं. पांढरी हागवण, मान पाठीकडं ताठ ओढलेली, डोळे उघडे पण न बघणारे. पाय झाडत झाडत ते गेलं. गाय त्याला चाटत राहिली, चाटतच राहिली.

"यंदाचं हे दुसरं," मामा म्हणाला. "नजर लागली गोठ्याले!"

"मंग लालसूकाकाच्या गोठ्याले काऊन नाई लागत?" राजदीप पुटपुटला. "कुंपण तं एकच हाय!"

"चाल, पाहू!" दिव्यानी उठली.

लालसूकाकाकडं चार वासरं हुंदडत होती.

"काय चारता जी ह्यायले?"

"मी कायले चारतो?" काका हसला. "आमी गोंड लोकं गाईचं दूध काढतच नाई. दूध वासराचं! पडलं, उठलं, लुचलं!"

"जार पडाच्या आधी?"

"जार तं कधी सांजेलेबी पडते!"

दोघं एकमेकांकडं बघतच राहिली! दिव्यानीनं पशुदवाखान्यात फोन लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "जन्मल्यावर दोन तासांत पहिल्या दुधाचा चीक हवाच! रोगाशी लढायचं बळ त्यातच असतं. नाहीतर जंतू आतड्यातून रक्तात, रक्तातून मेंदूत!"

मामानं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची दुसरी गाय, कपिली, व्याली, तर काठी घेऊन आडवा उभा!

"देवाजीभाऊ! धानात डुकरं शिरली!" राजदीप बांधावरून ओरडला.

मामा धावला. दिव्यानीनं थरथरतं वासरू कासेकडं ढकललं. तेवढ्यात दारात कमलामामी! दिव्यानी गारठली. मामी खाली बसली आणि वासराच्या तोंडात सड धरला.

आठ दिवसांनी कपिलीचं वासरू अंगणभर उधळत होतं.

"शाबास रे पोट्टेहो!" मामा म्हणाला. "मले फसवलं, पण जीव वाचवला!"

सगळे हसले. मामी तेवढी हसली नाही.

"डॉक्टरबाईनं हे मले मागच्याच वर्षी सांगतलं होतं," ती खाली बघत म्हणाली. "माह्यं कोण आयकते, म्हणून गप राह्यली. ती दोन वासरं पाय झाडत होती ना... तवाबी मले ठाव होतं."