पूजेतला पाना

"अजिंक्य, झाकण उघडू नकोस! भाजशील!"

तनुजा ओरडली आणि अजिंक्यनं रेडिएटरवरचा हात झटकन मागे घेतला. शेखरमामानं गाडी नुकतीच चालवून बघितली होती आणि इंजिन तापलेलं होतं.

दसऱ्याची सकाळ होती. तनुजा कॅप्टन असलेल्या कबड्डी संघाचा अंतिम सामना देहूरोडला होता. संघातल्या चौघी मामाच्या गाडीनं जाणार होत्या. त्या पोहोचल्या नाहीत, तर संघ बाद!

म्हणून तर मामानं काल चिखलीच्या घरासमोरच गळका रेडिएटर काढून नवा बसवला होता. मामा चाकणला गाड्या जोडणारा. त्याचे हात असे चालत होते, की तनुजा, मामाचा अजिंक्य आणि शेजारचा बुद्धरत्न बघतच राहिले! नट आवळला की मामा त्यावर पिवळी रेघ ओढायचा.

"कंपनीतली सवय! रेघ दिसली म्हणजे आवळलंय."

पण आता कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या हिरव्या पाण्याची, पातळी उतरली होती.

"आतली हवा निघाली, की पातळी उतरतेच," मामा म्हणाला.

"मग खाली ओलं कसं?" बुद्धरत्ननं विचारलं.

"एसीचं पाणी असेल रे!"

"पण मामा, एसी तर लावलाच नव्हता!" तनुजा म्हणाली.

बुद्धरत्ननं पांढरा पुठ्ठा आणून गाडीखाली सरकवला. टप्! त्यावर हिरवा थेंब पडला.

"रेघा शोधा!" तनुजा म्हणाली.

तिघं बॅटरी घेऊन वाकले. पिवळी, पिवळी, पिवळी... आणि वरचा पाइप आवळणाऱ्या पट्टीवर रेघच नाही!

मामानं कपाळावर हात मारला. "हीच आवळणार होतो, तेवढ्यात आईनं पाना पूजेला नेला! काल संध्याकाळी कूलंट भरलं, पण हिला विसरलो."

खंडेनवमीला मांडलेली हत्यारं उत्तरपूजा झाल्याशिवाय उचलायची नाहीत, ही घरची रीत होती. आता? तनुजा धावतच देवघरात गेली.

"आजी, हा पाना अर्धं काम टाकून पूजेला बसलाय. पुरं करायला पाठवशील?"

छबूबाई आजी हसली. "व्हय गं बाई! काम अडवून ठिवल, ती कसली पूजा?" तिनं पान्याला नमस्कार करून तो तनुजाच्या हातात दिला.

इंजिन गार होईपर्यंत तनुजा सारखी घड्याळ बघत होती. मग मामानं पट्टी आवळली, कूलंट भरलं आणि झाकण उघडं ठेवूनच गाडी सुरू केली. बुडबुडे आले, थांबले. पंखा घरघरला. पुठ्ठा कोरडा!

"ओढ रेघ, कॅप्टन!" मामा तनुजाला म्हणाला.

"मी नाही. थेंब पकडला बुद्धरत्ननं!"

बुद्धरत्ननं जीभ बाहेर काढून अगदी सरळ रेघ ओढली.

संध्याकाळी चषक घेऊन सगळे परतले, तेव्हा मुलं मोठ्यांना सोनं द्यायला पुढे झाली. मामानं त्यांना थांबवलं आणि तिघांच्या हातांवर आधी आपणच आपट्याची पानं ठेवली.

"घ्या राव! माझं काम तपासणाऱ्यांचा मान पहिला!"