केळुसकरांचा कॅनरी

मिरजेच्या मेंदूविज्ञान संस्थेच्या पक्षिगृहात चाळीस कॅनरी होते, आणि डॉ. इरावती केळुसकरला सकाळपासून त्यांतला एकही पसंत पडत नव्हता. स्थळं बघायला आल्यासारखी ती नुसती पिंजऱ्यांसमोरून फिरत होती.

"हा दिसायला छान आहे," ती म्हणाली.

"दिसण्यावर जाऊ नका, इरावतीबाई," पक्षितज्ज्ञ बशीर मुजावर म्हणाले. "पिसं अंगाला घट्ट हवीत, डोळे लख्ख, आणि श्वास घेताना चोच मिटलेली. मुख्य म्हणजे गाणारा नर हवा. तो कोपऱ्यातला घ्या. कधीचा गळा फुगवून गातोय बिचारा, तुमचं लक्षच नाही."

निवड चुकून चालणार नव्हतं. पाखरू ज्यांच्या उपचारासाठी हवं होतं, ते रुग्ण तिचे वडीलच होते. मेंदूच्या झटक्यात तात्यांचं बोलण्याचं केंद्र मेलं होतं. समजायचं सगळं, पण शब्द फुटत नव्हता. त्याआधीची सात वर्षंही ते लेकीशी बोलले नव्हते, पण ते रागाने. आईच्या शेवटच्या दिवसांत इरावती प्रयोग सोडून आली नव्हती. आता रागावून का होईना, त्यांनी आपल्याशी बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

"दर पावसाळ्यात याची पिसं झडतात," मुजावरांनी पुन्हा एकदा बजावलं. "गाणं थांबतं. डोक्यातल्या गाण्याच्या पेशीही गळतात. हिवाळ्यात नव्या येतात, त्या आपल्या ऋतुपेशी. अगदी कोऱ्या. ऐकतील ते शिकतात."

"आणि त्यांना जागवणारं द्रव्य याच्या रक्तात असतं. आठवड्याला एक थेंब दिला की तात्यांनाही नव्या पेशी येतील."

"येतील. आणि पावसाळ्यात गळतील, हे विसरू नका. शिवाय पाखरू घाबरलं की द्रव्य आटतं. त्याला खुशीत ठेवा."

इरावतीने रजा काढली आणि संस्थेतल्याच तात्यांच्या खोलीत सगळं स्वतः केलं. पिंजरा उंच नको, लांब हवा. वाऱ्याच्या झोतात नको, संस्थेच्या स्वयंपाकघराच्या धुरात तर नकोच. राळा, उकडलेलं अंडं, कोथिंबिरीची काडी, चोच घासायला समुद्रफेस, अंघोळीला बशीभर पाणी. अंधार पडला की पिंजऱ्यावर कापड. कामात बाई कुणाला चूक काढू द्यायची नाही, पण बापाशी बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. मग ती पाखराशी बोलायची. तात्या चार हातांवर पडलेले, आणि ही त्यांच्याकडे पाठ करून कॅनरीला सगळं सांगायची: आजचं अंडं, बाहेरची थंडी, आईचं आजारपण, स्वतःचा अपराध.

नवव्या आठवड्यात, ती पाणी बदलत असताना मागून आवाज आला. जड, घोगरा, पण तात्यांचाच.

"मीच आधी बोलायला हवं होतं."

इरावती ढसाढसा रडली. त्यांचा हात धरून किती तरी वेळ बसून राहिली. मग काहीतरी आठवलं. ती तडक मुजावरांच्या खोलीत गेली.

"सर, ते वाक्य माझं आहे. तिसऱ्या आठवड्यात मी पाखराला म्हणाले होते. त्या कोऱ्या पेशींनी माझ्याशिवाय कुणाचं ऐकलंच नाही. तात्या कुठे बोलतायत? मीच बोलतेय."

समजूत घालणं मुजावरांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी तात्यांच्या खोलीत रोज होणारं ध्वनिमुद्रण काढलं आणि बराच वेळ तपासलं.

"आठ आठवड्यांत तुम्ही सहा हजारांवर वाक्यं बोललात. अंडं आणि पाणी रोज. हे वाक्य एकदाच. पाखरू असतं तर सगळ्यांत जास्त ऐकलेलं म्हणालं असतं. पेशी शब्द देतात, बाई. त्यांतला कोणता उचलायचा, हे माणूसच ठरवतो. तात्यांचं डोकं शाबूत आहे."

इरावती दाराकडे वळली. तिला राग आला होता, स्वतःचाच. आठ आठवडे तिने त्यांच्यासमोर नुसतं रडगाणं गायलं होतं. त्यांना क्षमा मागता आली, कारण तेवढे शब्द तिने दिले होते. रागवायला एकही दिला नव्हता. सात वर्षं पोटात ठेवलेलं त्यांनी बोलायचं कशाने?

पावसाळ्याला चार महिने उरले होते.

ती परत खोलीत आली. खुर्ची ओढून पिंजऱ्याकडे पाठ करून बसली आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघून बोलू लागली.

"तात्या, आईच्या वेळी मी आले नाही. त्यावर तुम्हाला मला काय काय सुनावायचं होतं, ते आता एकेक करून मीच म्हणते. लागेल ते उचला."