अख्खा डिफेन्स लग्नाला गेला

इथे आखातातल्या आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा अख्खा डिफेन्स विमानतळावर चेक-इनच्या रांगेत उभा होता, आणि मी त्यांच्या बॅगा ढकलत होते.

डिफेन्स म्हणजे माझे दोन भाऊ, मुझम्मिल आणि हारून, शिवाय दोन मामेभाऊ. चौघं घरचेच म्हणून कोचनं त्यांना मागे एकत्र ठेवलं होतं. चार मॅचमध्ये त्यांनी एकच गोल खाल्ला होता. पण मामाच्या मुलीचं लग्न श्रीवर्धनला नेमकं याच आठवड्यात निघालं... आणि एका लग्नानं चारही बॅक गारद! माझी प्रॅक्टिकल्स होती, म्हणून मी तेवढी मागे राहिले, फुगून.

तेवढ्यात फरशीवर खट-खट-खट आवाज करत एक जण धावत आला. पायात मैदानातलेच बूट.

"भाई! गुरुवारची मॅच ड्रॉ झाली तरी आपण फायनलला जातोय, आणि चौघंच्या चौघं चाललात?"

"भैनीचं लगीन हाय, उबेद," मुझम्मिलभाई म्हणाला. "गुरुवारचं तुम्ही बघा. फायनलला आमी हजर, इंशाल्ला."

चौघं आत गेले. उबेदनं माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे असे होते, की... जाऊ दे.

"तुम्ही बहीण ना त्यांची? तुम्हाला येतं डिफेन्स?"

"येत नाही. पण ह्यांनी पार्किंगमध्ये मारलेले बॉल लहानपणापासून मीच आणून देतेय."

"मग करक चहा पाजतो. तुम्ही फक्त गुपित सांगा!"

टपरीसमोर आमच्या दोन गाड्या शेजारी-शेजारी लागल्या, खिडक्या उघडल्या, पोऱ्या न बोलावताच कडक, दुधाळ चहाचे कप देऊन गेला. उबेद बोलत सुटला. नवे चार बॅक चार देशांचे, मॅचभर कुणी कुणाशी अवाक्षर बोलत नाही, कोच हताश... माझा चहा निवला तरी त्याचं संपेना.

"भाऊ काही फार पळत नाहीत," मी मध्येच म्हटलं. "मुझम्मिलभाई नव्वद मिनिटं बडबडतो, एवढंच. ह्याला ओरड, त्याला हाक मार, तू सरक, तू थांब. मागे एक बडबड्या हवा."

"असा कोण आहे आमच्यात?"

मी नुसती हसले.

"मी? अहो, मी स्ट्रायकर! अजून एक गोल केला की टॉप स्कोअरर!"

"मग ठरवा... तुमचा गोल, की टीमची फायनल."

त्यानं कप तोंडाला लावला. अर्ध्या तासात पहिल्यांदाच!

गुरुवारी उबेद मागे, नव्या चार बॅकसोबत पाचवा म्हणून उभा होता. कोचलाही पटलं होतं म्हणे. हरलो तर त्याचा गोलही गेला आणि फायनलही, आणि दोन्ही माझ्या शहाणपणापायी!

आठव्या मिनिटाला तो सवयीनं पुढे पळाला, मागे खिंडार पडलं, आणि गोल झाला. 0-1. मी ओढणीचं टोक दातांत धरलं.

मग मात्र त्यानं तोंड उघडलं. हिंदी, अरबी, इंग्रजी, जे सुचेल ते! "यल्ला, चलो, लेफ्ट! भाई, पीछे! मॅन ऑन, मॅन ऑन, आदमी आया!" ते चार अनोळखी चेहरे हळूहळू त्याच्या आवाजावर हलू लागले. समुद्राकडून खारट, दमट वारा येत होता आणि त्यात फक्त उबेद ऐकू येत होता. सत्तराव्या मिनिटाला आमच्या कॅप्टननं बरोबरी साधली आणि मी अनोळखी बाईला मिठी मारली.

शेवटचं मिनिट. बॉल उबेदच्या पायात आला, समोर मोकळं मैदान. गोल त्याला हाक मारत होता. त्यानं एकदा तिकडे बघितलं... एकदा मागच्या चौघांकडे... आणि बॉल सरळ बाहेर, खुर्च्यांवर भिरकावून दिला.

शिट्टी झाली. 1-1. फायनल!

लोक मैदानात घुसले. मीही. उबेद माझ्यासमोर येऊन थांबला, घाम-मातीनं माखलेला, धापा टाकत. तोंड उघडलं, पण नुसती हवा. घसा पार बसला होता!

तो हातवारे करू लागला, छातीवर हात, माझ्याकडे बोट, परत घशाकडे. बिचारा रडकुंडीला आला.

"थांबा," मी म्हटलं. माझे कान तापले होते. "आज मीच बोलते. त्या गोलचं मला फार वाईट वाटतंय. आणि... तुम्ही मला आवडता, उबेद. विमानतळापासून. भाऊ शनिवारी येताहेत. चौघांनाही मीच सांगणार आहे."

तो बघतच राहिला. मग माझ्या कानाशी वाकला आणि सगळा जीव एकवटून एकच घोगरा शब्द काढला.

"परत..."

पहिल्याच वेळी त्याला चांगलं ऐकू आलं होतं. तरी मी परत सांगितलं.